एकविसावा दिवस : सीमाभागातील रुग्णालये आणि रक्तपेढ्या चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातील रुग्णालये, रक्तपेढ्या आणि सरकारी औषधभांडारे यांचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार,

थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या अठरा वर्षांवरच्या पेशंटांना रक्त लावण्यासाठी आठवड्यातला जो वार ठरलेला होता, तो बंद झाला आहे. यापुढे त्यांनी अपघात विभागात नाव नोंदवावे, जनरल वॉर्डात भरती व्हावे आणि खाट व रक्त मिळेल तसे ‘गरजेनुसार’ लावून घ्यावे, असे तोंडी सांगितले जाते. हे जिथे घडले त्या रुग्णालयाचे नाव आम्ही घेत नाही. प्रश्न एका रुग्णालयाचा नाही. आज एकीकडे झाले ते उद्या दुसरीकडे होईल. या आजारात ‘गरजेनुसार’ या शब्दाने माणसाच्या आयुष्यातली किती वर्षे जातात, हे आपणा सर्वांच्या कानावर घालावे म्हणून हे पत्र.

लिहिणारे आम्ही म्हणजे पेशंटांचे आईवडील, भावंडे आणि नेमाने रक्त देणारे दाते. निमित्त आमच्या अक्काचे. जन्मापासून थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, असलेली अक्का यंदा अडतिसाव्या वर्षी गेली. वडगावात तिचे लेडीज टेलरिंगचे दुकान होते. दोन मशिनी, हाताखाली शिकायला चार-पाच मुली, आणि लग्नसराईत रात्री दहापर्यंत चालणारे काम. ती गेल्यावर भेटायला आलेले सगळे तिच्या धीराबद्दल बोलले. धीर होताच. पण धीराने हिमोग्लोबिन वाढत नाही. अक्का अडतीस वर्षे जगली, आणि भरभरून जगली, ती वेळापत्रकावर. दर एकविसाव्या दिवशी दोन पिशव्या रक्त आणि रोज लोह काढण्याचे औषध. बाकी सगळे तिने या दोन गोष्टींच्या आधारावर उभे केले. आपण मोडलेत ते नेमके हे वेळापत्रक.

आता ते वेळापत्रक काय असते ते सांगतो. आपल्यातल्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे, पण खाटा आणि वार ठरवणारे सगळेच डॉक्टर नसतात.

थॅलेसेमिया मेजरमध्ये शरीराला नीट हिमोग्लोबिन बनवता येत नाही, म्हणून बाहेरून तांबड्या पेशी द्याव्या लागतात. किलोमागे १० ते १५ मिलिलिटर, दर दोन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर. रक्त लावण्याआधीचे हिमोग्लोबिन साडेनऊ ते साडेदहा ग्रॅमच्या दरम्यान राहावे, असा जगभरचा नेम आहे. लावलेले रक्त आठवड्याला साधारण एक ग्रॅमने उतरते. म्हणजे साडेबारापर्यंत चढवले तर तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ते साडेनऊवर येते. एकविसावा दिवस इथून आला.

अक्काचे दुकान याच उताराला धरून चालायचे. रक्त लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दहा दिवस कापड कापणे आणि नवरीचे भारी ब्लाउज. तिसऱ्या आठवड्यात हुक-काज, साडीला फॉल, बसून होणारी कामे. सुईत दोरा ओवायला तीनदा प्रयत्न लागले की ती मुलींना म्हणायची, ‘नऊच्या खाली आलंय बघा.’ दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट बहुतेक वेळा तेच सांगायचा. भाचीच्या लग्नाची तारीख, पंढरपूरला जायचा दिवस, मतदानाचा दिवस हे सगळे ती आधी वहीतल्या रक्ताच्या तारखेशी ताडून बघायची आणि मग हो म्हणायची.

‘गरजेनुसार’ म्हणजे काय होते? पेशंट पिवळाफटक पडून, धाप लागून अपघात विभागात पोचतो तेव्हा हिमोग्लोबिन सहावर असते. नऊच्या खाली गेले की हाडातला मगज दुप्पट-चौपट राबू लागतो. त्यात हाडे पोकळ होतात, लहान मुलांच्या कपाळाची आणि गालांची ठेवण बदलते, प्लीहा वाढते आणि वाढलेली प्लीहा लावलेले रक्तही लवकर खाऊन टाकते. शिवाय रक्त कमी असताना आतडे अन्नातले लोह जास्त ओढते. म्हणजे रक्त वाचवले असे कागदावर दिसते, पण पुढच्या वर्षी त्याच माणसाला जास्त रक्त लागते.

दुसरे म्हणजे जनरल वॉर्ड. रक्ताची पिशवी २ ते ६ अंश तापमानात ठेवलेली असते. ती फ्रिजबाहेर काढली की अर्ध्या तासाच्या आत लावायला सुरुवात झाली पाहिजे आणि चार तासांच्या आत संपली पाहिजे. पहिली पंधरा मिनिटे थेंब अगदी सावकाश सोडायचे आणि कोणीतरी जवळ उभे राहून नाडी, ताप, रक्तदाब बघायचा, कारण चुकीच्या रक्ताची मोठी रिॲक्शन याच वेळात दिसते. चाळीस पेशंटांच्या वॉर्डात रात्रपाळीला दोन सिस्टर असतील तर त्यांनी हे कसे करायचे? त्या बिचाऱ्या सलाईन बदलायला गेल्या की पिशवी टेबलावर पडून राहते. मग चार तास गाठायचे म्हणून धार सोडली जाते. धडधाकट हृदयाच्या पेशंटाला ताशी किलोमागे ५ मिलिलिटर चालते. हृदय कमजोर असेल तर २ च्या पुढे जायचे नाही. अक्काचे वजन ४२ किलो. शेवटच्या काळात तिला ताशी ८४ मिलिलिटरच चालायचे, म्हणजे अडीचशेच्या एका पिशवीला तीन तास आणि दोन पिशव्यांना सहा. सकाळी नऊला सुरू केले तर तीनला संपते आणि खानापूर-नंदगडच्या पेशंटाला संध्याकाळची गाडी मिळते. दुपारी दोनला खाट मिळाली तर रात्रीचे आठ होतात. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात आठनंतर घरी जाण्याचा विचारही करता येत नाही. सोबत आलेल्याचा रोजगार बुडतो तो एका दिवसाचा नाही, तीन दिवसांचा, कारण क्रॉसमॅचसाठी, म्हणजे पिशवीतले रक्त पेशंटाच्या रक्ताशी जुळते का हे तपासण्यासाठी, आधी एकदा यावे लागते.

या क्रॉसमॅचचे मात्र उत्तर सोपे आहे. वारंवार रक्त घेणाऱ्याचा नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही, हे खरे. पण तो नमुना बेळगावातच काढला पाहिजे असे नाही. खानापूर, चिकोडी, संकेश्वर इथल्या रुग्णालयात सोमवारी काढून, नळीवर नाव आणि नंबर तिथेच पेशंटासमोर घालून (टेबलावर नेऊन लेबल लावले की अदलाबदल होते), रोजच्या गाडीने पाठवला तर बुधवारी पेशंट आला की रक्त तयार असते. एक हेलपाटा वाचतो. त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही. कोणी न्यायचे आणि कोणी घ्यायचे एवढेच ठरवावे लागते.

तिसरी तक्रार रक्तपेढ्यांबद्दल, आणि ती आम्ही जरा सविस्तर मांडतो, कारण या भागातले लोक रक्त द्यायला मागे हटत नाहीत. तरीही आमच्या लोकांना ‘दोन डोनर घेऊन या, मग पिशवी देतो’ असे ऐकावे लागते. वर्षाला सतरा वेळा दोन-दोन पिशव्या, म्हणजे चौतीस. सतरा वेळा कोणाच्या दारात जायचे? थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलच्या पेशंटांना रक्त विनामूल्य द्यावे असे सरकारी धोरण आहे, आणि बदली दात्यांची पद्धत बंद करून पूर्ण ऐच्छिक रक्तदानावर यावे हेही राष्ट्रीय धोरणच आहे. नातेवाईक हतबल झाला की पैसे घेऊन रक्त देणारा माणूस गेटवर उभा राहतो. तो प्रकार १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद केलेला आहे. बदली दात्याची सक्ती त्याला मागच्या दाराने परत आणते.

तुटवडा होतो तो दाते नाहीत म्हणून नाही, दिवस चुकतात म्हणून. बेळगावची शिवजयंती वैशाखात असते. चित्ररथांच्या त्या दिवसांत आणि पुढे गणेशोत्सवात मंडळे एकेका दिवशी शेकडो पिशव्या गोळा करतात. मन भरून येते, पण तांबड्या पेशी चांगल्यातल्या चांगल्या द्रावणातही ४२ दिवसच टिकतात, आणि थॅलेसेमियाच्या पेशंटाला दोन आठवड्यांच्या आतली पिशवी द्यावी लागते, कारण जुन्या पेशी लवकर फुटतात. वैशाखात गोळा केलेले रक्त आषाढात उपयोगाचे नाही. तेव्हा शेतकरी पेरणी-रोपलावणीत, शिबिरे बंद. आणि आमचे सर्वात वाईट दिवस तेच. पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. दाता वर्षात तीनदा आला असे धरले तर चौतीस पिशव्यांना बारा दाते पुरतात. एका पेशंटामागे बारा जण. येळ्ळूर, कडोली, उचगाव, कंग्राळी, बेळगुंदी, कुठल्याही गावातल्या एका तरुण मंडळाला हे सहज जमेल. फक्त रक्तपेढीने त्यांना तारीख द्यायची आणि त्या तारखेला फोन करायचा. मंडळे तयार आहेत. रक्तपेढ्यांनी वर्षाचे कॅलेंडर आखून त्यांच्या हातात द्यावे.

याच दात्यांचा दुसरा फायदा. ए, बी, ओ आणि आरएच जुळले म्हणजे रक्त जुळले, असे सामान्य पेशंटासाठी म्हणता येते. शेकडो दात्यांचे रक्त घेणाऱ्यासाठी नाही. मोठा सी, छोटा सी, मोठा ई, छोटा ई आणि केल हे गटही जुळवावे लागतात. नाहीतर शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते, लावलेले रक्त आठ दिवसांत उतरते आणि जुळणारी पिशवी मिळणे कठीण होऊन बसते. ही तपासणी बाळाला पहिली पिशवी लावण्याच्या आधी एकदा करायची असते. एकदा रक्त लावले की नमुन्यात दात्याच्या पेशी मिसळतात आणि निकाल फसवा येतो. इतकी साधी गोष्ट आमच्या बहुतेक मुलांच्या बाबतीत राहून गेली आहे. पांढऱ्या पेशी गाळून काढलेले रक्तही असेच. रक्त लावताना थंडी वाजून ताप येतो तो बहुधा या पांढऱ्या पेशींमुळे. फिल्टर नातेवाइकाला बाहेरच्या दुकानातून आणायला सांगतात, तो ज्याला परवडत नाही त्याचे मूल दर खेपेला कुडकुडते.

चौथी गोष्ट औषधांची, आणि अक्का याच गोष्टीने गेली.

रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. शरीर रोज एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकू शकते. चौतीस पिशव्यांचे वर्षाला सुमारे सात ग्रॅम होतात, आणि निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह असते तीन-चार ग्रॅम. हे साचलेले लोह यकृतात, स्वादुपिंडात, थायरॉइडमध्ये आणि शेवटी हृदयात बसते. अक्काच्या लहानपणी ते काढायचे एकच साधन होते : डेस्फेरलचा पंप. ५०० मिलिग्रॅमची कुपी ५ मिलिलिटर पाण्यात विरघळवायची, पोटाच्या कातडीखाली बारीक बटरफ्लाय सुई टोचायची आणि पंपाने ते औषध रात्रभर, आठ ते बारा तास, हळूहळू आत सोडायचे, आठवड्यातून पाच-सहा रात्री. सुई वरवर बसली किंवा औषध दाट झाले तर तिथे टणक गाठ येते, म्हणून रोज जागा बदलायची. अक्काने वहीत पोटाचे चित्र काढून त्याचे आठ चौकोन केले होते. कोणत्या रात्री कोणता चौकोन, हे खुणेने लिहिलेले. पण कुप्या महाग, आणि महिना-महिना मिळायच्या नाहीत. डेफेरिप्रोनच्या गोळ्या १९९५ च्या सुमारास भारतात आल्या, डेफेरासिरॉक्सला अमेरिकेत २००५ मध्ये मंजुरी मिळाली आणि नंतर त्या गोळ्या इकडे पोचल्या. मधल्या वर्षांत जे लोह तिच्या हृदयात बसले, ते पुढे पूर्ण निघाले नाही. ठोके अनियमित होऊन ती गेली.

आज गोळ्या आहेत. म्हणूनच आज औषधभांडारात दोन-दोन महिने त्या नसणे आम्हाला सहन होत नाही. आणि असतात तेव्हा कोणत्या आहेत हे कोणी सांगत नाही. डेफेरासिरॉक्स दोन प्रकारात येते. एक पाण्यात विरघळणारी, तिचा डोस किलोमागे २० ते ४० मिलिग्रॅम. दुसरी पातळ आवरणाची, गिळायची, तिचा डोस त्याच्या सात दशांश, म्हणजे १४ ते २८. विरघळणाऱ्या ५०० च्या जागी आवरणाची ३६० ची. पहिली रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा तास, काचेच्या पेल्यात ढवळून घ्यायची, दुधात नाही. दुसरी हलक्या खाण्याबरोबर चालते. भांडारात आज एक, पुढच्या महिन्यात दुसरी आणि चिठ्ठी जुनीच राहिली तर डोस जास्त तरी होतो किंवा कमी तरी. जास्त झाला तर मूत्रपिंडावर येते. म्हणून दरमहा क्रिएटिनिन तपासायचे, आणि जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचे. डेफेरिप्रोनवाल्यांचे वेगळेच : त्यांच्या पांढऱ्या पेशी अचानक उतरू शकतात. ताप आणि घसा दुखणे सुरू झाले की गोळी बंद आणि त्याच दिवशी रक्त तपासायचे. अपघात विभागातल्या नव्या डॉक्टरांना हे माहीत नसते आणि ते पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतात.

इथे भाषेचा मुद्दा येतो. कन्नडला आमचा विरोध नाही. या भागातले बहुतेक लोक बोललेले कन्नड समजतात आणि बोलतातही. पण गोळी कधी थांबवायची हे रात्री दोन वाजता आईने कागदावरून वाचायचे असते, आणि तो कागद तिला वाचता येत नाही. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व देशात पूर्वीच मान्य झालेले आहे. एकाच पानावर वर कन्नड, खाली मराठी छापले तर कोणाचे काय जाते?

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. २०१६ च्या कायद्यात थॅलेसेमिया २१ प्रकारांपैकी एक आहे. ‘हातपाय धड आहेत की’ असे म्हणून मुलांना परत पाठवू नये.

आणि होणाऱ्या बाळांबद्दल. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजर मूल होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस आजारी नसतो, त्याला कळतही नाही. रक्ताच्या साध्या तपासणीत तांबड्या पेशींचा आकार (रिपोर्टातला ‘एमसीव्ही’) ८० च्या खाली दिसला की इकडे सरसकट लोहाच्या गोळ्या लिहून देतात. त्याच वेळी एचबी-ए-टू (हिमोग्लोबिनचाच एक प्रकार) मोजले आणि ते साडेतीन टक्क्यांच्या वर आले तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. पहिल्या तीन महिन्यांत हे झाले तर पुढचा विचार करायला जोडप्याला वेळ मिळतो. पाचव्या महिन्यात कळले तर फक्त धावपळ उरते.

आमच्या मागण्या अशा. अठरा वर्षांवरच्या पेशंटांसाठी आठवड्यातला एक वार आणि किमान चार खाटांची वेगळी खोली पुन्हा सुरू करावी. सकाळी नऊला रक्त सुरू व्हावे, आणि त्या खोलीत पूर्ण वेळ एक प्रशिक्षित सिस्टर असावी. क्रॉसमॅचचे नमुने तालुक्याच्या रुग्णालयात घ्यावेत. या पेशंटांकडून बदली दाता मागणे बंद करावे आणि तसा फलक रक्तपेढीच्या खिडकीवर दोन्ही भाषांत लावावा. प्रत्येक पेशंटाचा सविस्तर रक्तगट एकदा तपासून त्याच्या कार्डावर लिहावा. फिल्टर रुग्णालयाने द्यावा. डेफेरासिरॉक्स आणि डेफेरिप्रोनचा तीन महिन्यांचा साठा कायम ठेवावा, गोळीचा प्रकार बदलला तर नवीन डोस लिहून द्यावा, फेरिटिन (साचलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) दर तीन महिन्यांनी तपासावे. उपचाराची वही मराठी आणि कन्नडमध्ये छापावी. गरोदर बाईच्या पहिल्याच तपासणीत वाहक-तपासणी व्हावी. निपाणीकडच्या पेशंटांना कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब पडते. तिकडे रक्त लावले तरी इकडची गोळ्यांची नोंद तोडू नये. यातले सगळे एका महिन्यात होणार नाही हे आम्हाला कळते. पहिली मागणी मात्र पुढच्या आठवड्यात होण्यासारखी आहे. खोली तीच आहे, खाटाही तिथेच आहेत.

अक्काच्या चौदा वह्या आमच्याकडे आहेत. शिवणाच्या मापांच्या वह्या असतात तशाच, लांबट. प्रत्येक खेपेला एक ओळ : तारीख, आधीचे हिमोग्लोबिन, पिशव्यांचे नंबर, किती वाजता लावली, किती वाजता संपली, ताप आला का, वजन, पुढची तारीख. कोणत्या महिन्यात रक्त उशिरा मिळाले, कोणत्या महिन्यात गोळ्या नव्हत्या, हेही त्यात आहे. वार आणि खाटा आखताना आपल्यापैकी ज्यांना त्या पाहायच्या असतील त्यांनी कळवावे, आम्ही आणून देऊ. शेवटच्या ओळीत ‘पुढची तारीख’ तिने लिहून ठेवली आहे. तो बुधवार होता.

आपले,
थॅलेसेमिया पेशंटांचे सीमाभागातील नातेवाईक आणि रक्तदाते